सालीवरची खपली

८ जानेवारी

ताई,

तुझं कार्ड मी टेबलासमोरच्या भिंतीवर लावून ठेवलंय, तेव्हा काळजी करू नकोस. "लिहायचं तर लिही. आई नको, तो नको, झाड नको." इतकं तोलूनमापून तर आमच्या मोठ्या बाईसुद्धा लिहीत नाहीत, आणि त्या वनस्पती संग्रहालयाच्या प्रमुख आहेत. अटी पाळण्यात मी तरबेज आहे. मधल्या मुलीचा जन्मच त्यासाठी असतो. मोठीचे उसवलेले फ्रॉक घालायचे आणि धाकट्यानं ताटात टाकलेलं संपवायचं. (हे ‘तो’मध्ये धरू नकोस. नाव घेतलेलं नाही.)

आता उरलं काय? माझं काम. मग घे, कामच वाच.

मी इथे वाळवलेल्या झाडपाल्याची चित्रं काढते आणि चित्राखाली वर्णन लिहिते, हे तुला माहीत आहे. सध्या सालीवर वाढणाऱ्या शैवाकांचं पुस्तक चाललंय. शैवाक म्हणजे दगडफुलाची भावकी. दगडफूल निदान पानासारखं सुटं होतं, उचलता तरी येतं. माझ्या वाट्याला आलंय ते अगदी खपलीसारखं. मोठ्या बाईंनी कामं वाटली तेव्हा देखणी शैवाकं सगळ्यांनी उचलली आणि उरलेलं माझ्या टेबलावर आलं, नेहमीप्रमाणे.

पण बघायला लागल्यावर मला ते आवडायला लागलं. रंग राखाडी, त्यात हिरव्याची नुसती शंका. जाडी पत्रिकेच्या कागदाएवढी. अंगभर बारीक भेगा, चिखल वाळल्यावर पडतात तशा. मधूनमधून काळ्या चकत्या, टाचणीच्या डोक्याएवढ्या, आणि प्रत्येकीला फिकट काठ. त्या चकत्यांतून त्याचं बी उडतं म्हण. सगळ्याच्या कडेनं एक काळी रेघ, पेन्सिलीनं आखल्यासारखी. दोन खपल्या शेजारी वाढल्या की मध्ये ही रेघ उभी राहते. वर्षानुवर्षं अंगाला अंग लावून राहतात, पण रेघ कुणी ओलांडत नाही. मला आपल्या ओळखीच्या दोन बायका आठवल्या. जाऊ दे.

ही नखानं निघत नाही. सुरीनंही नुसती सुटत नाही. तिचे धागे सालीत शिरलेले असतात, त्यामुळे काढायची तर सालीचा तुकडाच काढावा लागतो. आम्ही छिन्नी वापरतो.

चित्रासाठी मी बघते ती खपली रोजच्या वाटेवरच्या एका झाडावर आहे. खोडावर, माझ्या बरगड्यांच्या उंचीला, बशीएवढी. तिथे एक म्हातारी बाई असते. रोज दुपारी ती त्या खपलीवर पेलाभर पाणी ओतते आणि माझा कागद ओला करून ठेवते. मी चिडते. तिला काही फरक पडत नाही.

तुझी,
मधली

२५ जानेवारी

ताई,

उत्तर नाही. म्हणजे माझ्याकडून अट मोडली नाही असं मी धरून चालते.

मावशीकडून कळलं की तू हल्ली लिफ्टचे दोर तपासतेस. इमारतीच्या पोटात उतरतेस, हातात दिवा घेतेस आणि तारेचा एकेक पीळ बघतेस. मावशीला वाटतं हे बायकांचं काम नाही. मला वाटतं, तुझ्याशिवाय ते कुणी करूच नये. आपण दोघी भिंगातून कशाकशाकडे बघत म्हाताऱ्या होणार असं दिसतंय.

आता पाण्याचं सांगते, कारण त्यात गंमत आहे. शैवाक हा एक जीव नाही, दोन आहेत. बुरशी आणि शेवाळ. बुरशी घर बांधते, शेवाळ आत बसून स्वयंपाक करतं. दोघांना वेगळं केलं की बुरशी एकीकडे, शेवाळ एकीकडे, आणि खपली कुठेच नाही. कोरडी असताना वरचा पापुद्रा दाट असतो, म्हणून राखाडी दिसते. पाणी पडलं की पापुद्रा पारदर्शक होतो आणि आतलं हिरवं वर येतं. बघता बघता येतं, डोळ्यांसमोर. मी इतकी वर्षं हे काम करते तरी दर वेळी हातातली पेन्सिल थांबते.

ती बाई पाणी ओतते ती याचसाठी. स्टूल घेऊन येते, बसते, ओतते, आणि रंग फिरला की म्हणते, "उठला." परवा मला बोलावून म्हणाली, "बघ, उठला की नाही? तोंडावर पाणी मारल्याशिवाय उठतच नाही. शाळेच्या वेळी तर रोजचं रडगाणं."

म्हातारी माणसं काहीही बोलतात. मी तिला समजावलं की ही खपली फार जुनी आहे, वर्षाला तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढी सरकते, म्हणजे आपण शाळेत होतो तेव्हाही ती इथेच होती, फक्त लहान होती. ती म्हणाली, "हो ना. लहान होता." आता अशा माणसाशी काय बोलणार?

मला तिथे चेहरा दिसत नाही, हे मी तुला स्पष्ट सांगते. मी वर्णन लिहून पोट भरते. जे नाही ते मी लिहीत नाही. पण ओली झाल्यावर खपलीच्या भेगा अशा काही दिसतात की, झोपेतून उठलेल्या पोराच्या गालावर उशीचे वळ असतात ना, तसं वाटतं. एकदा मी तिथे उभी असताना माझ्या तोंडून हाक गेली. कुणाच्या नावानं ते लिहीत नाही.

आणखी एक. माझ्या टेबलापाशी करकर आवाज येतो. दोन झटके, मग थांबतो, पुन्हा दोन झटके. मोठ्या बाई म्हणाल्या, खुर्ची असेल. खुर्ची बदलून घेतली. नवी खुर्ची छान आहे, पाठ टेकायला उशीपण आहे. करकर तशीच आहे.

मधली

९ फेब्रुवारी

ताई,

मी एक मूर्खपणा केलाय आणि त्याची हकिगत ऐकायला मोठ्या बाईंशिवाय कुणी नाही. त्यांनी ऐकली आणि माझे कान उपटले. आता तू ऐक.

नुसत्या रंगारूपावरून खपली ओळखता येत नाही. चार जाती सारख्याच दिसतात. मग क्षाराचा थेंब टाकून बघायचं असतं. काहींवर काहीच होत नाही, काही पिवळ्या होतात, आणि काही आधी पिवळ्या होऊन मग लाल होतात. नियम असा की थेंब टाकायचा तो काढून आणलेल्या कणावर, काचेवर, खोलीत. जिवंत खपलीवर कधीच नाही. पहिल्या आठवड्यात शिकवतात हे.

पण त्या बाईसमोर छिन्नी कशी काढायची? ती खोडाला पाठ लावून बसलेली असते. मी म्हटलं, ती पेला भरायला आत गेली की पटकन एक थेंब टाकू. कडेला. कुणाला दिसणार?

थेंब टाकला. पिवळं झालं. मी वेळ बघत होते. तेवढ्यात ती आली आणि मला बाजूला करून तिनं पेला ओतला. आणि मग लाल चढायला लागलं ताई. नुसतं ठिपक्याएवढं नाही. पाण्याबरोबर भेगाभेगांतून उतरलं आणि सालीवरून ओघळ खाली आला. मी पुस्तकात ‘रक्तासारखा लाल’ असं कितीदा तरी लिहिलंय, बाकीच्यांनी लिहिलेलं उतरवून. आजवर मला त्याचा अर्थ माहीत नव्हता.

ती ओरडली. "काय केलंस गं! रक्त काढलंस त्याचं!" आणि तिनं मला थोबाडीत दिली.

रस्त्यावरची अनोळखी बाई अशी कुणाला थोबाडीत देते का, असं तू म्हणशील. नाही देत.

मग ती स्वेटरच्या बाहीनं पुसत बसली. क्षार हाताला लागतो, बोटं भाजतात, म्हणून मी तिला ओढत नळाखाली नेलं. ती माझ्या हातून सुटायला बघत होती आणि एकच घोकत होती, "आधीच एवढं लागलंय त्याला, आधीच एवढं लागलंय." 

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि समोर आपटते. (बघ, निसटलं. निसटलंय तर राहू दे, खोडत नाही.) खपलीच्या कडेला नखाएवढा तांबूस डाग राहिलाय. तो आता जाणार नाही.

त्यात भर म्हणजे काल कुणीतरी येऊन खोडावर पांढऱ्या रंगाची फुली मारून गेलं.

मधली

२० फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. दोन शब्द. "कुठलं झाड?"

तुला माहीत आहे कुठलं. पहिल्याच पत्रात कळलं असणार तुला. तरी तू विचारलंस, म्हणजे मी आता सांगू शकते. की हाही माझा शहाणपणा? असेल. भिंतीवरचं कार्ड मी काढून ठेवलंय.

झाड आपलंच. बाई म्हणजे आई. माझी रोजची वाट म्हणजे स्वयंपाकघराच्या दारापासून फाटकापर्यंतची. खपली त्याच उंचीला आहे जिथे धाकटा टिल्लू राज्य आलं की खोडाला तोंड टेकून शंभर मोजायचा.

त्या दिवसाचं तुला मी सांगायला नको. पण आपण तिघींनी तो दिवस कधी एकमेकींसमोर उच्चारलाच नाही, म्हणून एकदा लिहिते आणि मोकळी होते. बाबांनी बांधलेला, जाता-येता करकरणारा झोका. बाबा गेले तरी तोच दोर आणि तीच फांदी. तू झोके देत होतीस, टिल्लू ‘अजून, अजून’ म्हणून किंचाळत होता, मी माझी पाळी कधी येणार म्हणून तोंड फुगवून बसले होते. आई पायरीवर वाटाणे सोलत होती. ती म्हणाली, "पुरे गं, एवढा उंच नको." तू अजून एक दिलास. आणि फांदी खोडापासून सुटून त्याच्यासकट खाली आली.

दवाखान्याच्या बाकावर आई तुला म्हणाली, "तुझ्या हातानं गेला." एकदाच म्हणाली. नंतर कधी नाही, मला नाही, मावशीला नाही. तूही एकदाच ऐकलंस. शाळा संपली आणि तू गेलीस. मी त्या घरात तशीच मधली राहिले, आता दोन्ही बाजूंना कुणी नसताना.

तू दोर तपासायचं काम का घेतलंस हे मला कळत नाही असं समजू नकोस.

आता आजचं. नगरपालिकेची माणसं आली होती. त्यांनी खोडावर हातोडीच्या दांड्यानं ठोकून दाखवलं, आवाज पोकळ आला. झाड रस्त्यावर पडेल म्हणतात. मार्चअखेर तोडणार. मला त्यांच्याशी भांडता आलं नाही, कारण आवाज खरंच पोकळ होता.

आईनं माझ्याशी धरलेला अबोला आज मोडला. ती विचारत होती, "झाड गेल्यावर तो कुठे राहील?"

मी म्हटलं, आपण त्याला काढून ठेवू. खपली काढायची तर साल कापावी लागते, हे मी बोलले आणि लगेच जीभ चावली. ती उठून खोडाला पाठ लावून उभी राहिली. दोन्ही हात मागे. डोळे आता अधू झालेत तिचे, पण मी हातात काय घेऊन आलेय ते बघत होती. माझ्या हातात काहीही नव्हतं.

तिला न दुखावता मी काय देऊ शकते याचा विचार करता करता मला माळा आठवला. तुला आठवतं का, ती फांदी? आईनं ती जाळू दिली नाही आणि अंगणातही ठेवू दिली नाही. चादरीत गुंडाळून माळ्यावर चढवायला लावली. त्यानंतर त्या चादरीला कुणी हात लावलेला नाही. त्या फांदीवरही हीच खपली असणार. खोड गेलं तरी तेवढं राहील. आईला म्हणेन, हा बघ, इथे आहे.

खरं सांगू? मला वर चढायची भीती वाटते.

मधली

१ मार्च

ताई,

हे पत्र बसून वाच. उभ्यानं वाचू नकोस.

मी आज दुपारी माळ्यावर चढले. आई झोपली होती. चादर इतकी जुनी झाली होती की हात लावताच फाटत गेली. फांदी माझ्या मांडीएवढी जाड आहे. माझ्या आठवणीत ती केवढी तरी होती. झोक्याचे दोर घासून घासून दोन गुळगुळीत कडी पडली आहेत तिच्यावर. तेवढ्या दोन पट्ट्यांत एकही खपली नाही. बाकी सगळीकडे आहे, राखाडी, काळ्या चकत्या, काळी रेघ, सगळं वर्णनाबरहुकूम. मी खिशातली पाण्याची बाटली काढून थोडं शिंपडलं. हिरवं झालं नाही. थांबून पुन्हा शिंपडलं. नाही झालं. माळ्यावर उजेड नाही, ओल नाही. ही खपली कधीच मेलेली आहे. तो गेला त्या दिवसानंतर ती केसाएवढीही वाढलेली नाही, वाढूच शकली नसती.

हे एवढं लक्षात ठेव. पुढचं त्यावर आहे.

मग मी मोडकं टोक बघितलं. इतकी वर्षं आपण तिघी समजत होतो की फांदी त्या क्षणी मोडली, अखंड होती ती मोडली. तसं नाहीये. टोकाचा खालचा भाग फिकट आहे, फाटलेला, कुसळं निघालेली. तो त्या दिवशीचा. पण वरचा भाग काळपट आणि गुळगुळीत आहे, पावसापाण्यात राहिलेल्या लाकडासारखा. आणि त्या काळ्या भागावर खपली आहे, ताई. फांदीच्या पाठीवरून भेगेच्या ओठावर आलेली, आणि ओठावरून आत उतरलेली. भेगेच्या आतल्या लाकडावर अंगठ्याच्या नखाएवढी वाढलेली. तिला स्वतःची काळी रेघ आहे. तिला चकत्या आल्या आहेत, आणि चकत्या काही आज वाढून उद्या येत नाहीत.

बंद फांदीच्या आत शैवाक वाढत नाही. त्याला उजेड लागतो. म्हणजे भेग उघडी होती. फांदीच्या पाठीवर, वरच्या बाजूनं, खोडाजवळ. आपण सगळे खालून बघायचो, खालून ती कुणालाही दिसली नसती. वर्षाला तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढी, हे मी तुला आधीच लिहिलं होतं, तेव्हा मला माहीत नव्हतं की मी काय लिहितेय. अंगठ्याचं नख भरायला टिल्लूचं जवळजवळ सगळं आयुष्य लागलं असणार. बाबा होते तेव्हापासून ती फांदी तुटत होती.

माझी मला खात्री होती, तरी माझ्यावर माझा विश्वास नव्हता. कारण मला हे हवं होतं. म्हणून मी संध्याकाळी मोठ्या बाईंना घरी बोलावलं. त्यांना काहीच सांगितलं नाही, फक्त माळ्यावर नेऊन दिव्याच्या उजेडात फांदी दाखवली. त्यांनी भिंग लावलं आणि भेग या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. मग म्हणाल्या, "भेग फांदी मोडण्याआधीची आहे. पाच-सहा वर्षं तरी आधीची, जास्तच." मी म्हटलं, नक्की? त्या म्हणाल्या, "यात न कळण्यासारखं काय आहे?" मग माझ्याकडे बघून त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "कुणाला कळवायचंय?"

तुला कळवतेय.

तू जोरात झोका दिला नाहीस असं मी म्हणत नाही. दिलास. आई नको म्हणाली तरी दिलास. पण त्याच झोक्यावर आई संध्याकाळी चहाचा कप घेऊन बसायची. त्यावर मी उभी राहून झोके घ्यायचे. त्या फांदीला कुणीतरी हवं होतं, आणि ती कुणाखालीही गेली असती. तुला तुटलेली तार हातात दिली तर तुला कळत असणार की यातले कुठले पीळ आज तुटले आणि कुठले आधीच तुटून गंजले होते. तसंच आहे हे. तू रोज परक्यांचे दोर बघतेस. हेही एकदा येऊन बघ. माझ्या शब्दावर विसंबू नकोस, तुझ्या डोळ्यांनी बघ.

आईला अजून सांगितलेलं नाही. तिला सांगायचं म्हणजे, इतकी वर्षं ती ज्याच्यावर उभी आहे तेच काढून घ्यायचं.

मधली

८ मार्च

ताई,

सांगितलं.

फांदी खाली आणली आणि तिच्या पायरीपाशी ठेवली. ती आधी म्हणाली, "ही कशाला काढलीस?" मी सगळं सांगत गेले, जसं तुला लिहिलं तसंच.  मग म्हणाली, "मला दिसत नाही. दाखव." मी तिचं बोट धरून भेगेत नेलं. आधी कुसळं लागली, तिथून वर, गुळगुळीत लाकडावर, आणि मग खपलीवर. ती खरखर तिला बोटानं चांगली ओळखता येते, रोज हात लावते ती. तिचं बोट तिथे थांबलं.

मग तिनं विचारलं, "वरून दिसली असती?"

मी म्हटलं, "हो. शिडी लावून कुणी चढलं असतं तर."

"कुणी चढलं नाही."

"नाही."

ती रडली नाही. मला वाटलं होतं रडेल, मी पाणीही भरून ठेवलं होतं. तिनं फांदीवरून हात काढला आणि माझ्या गालाला लावला. थोबाडीत दिली होती तो गाल दुसरा होता, पण डोळ्यांचा दोष, चालायचंच. मग म्हणाली, "तिला कळवलंस?" मी म्हटलं, हो, पाठवलं. "काय म्हणाली?" मी म्हटलं, अजून काही नाही. "नाहीच म्हणणार. माझ्यावर गेलीय," असं म्हणून आत गेली.

त्या दुपारी तिनं खोडावर पाणी ओतलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला भीती वाटली की मी तिच्याकडून त्यालाही काढून घेतलं. मी गुपचूप पेला भरून गेले, तर ती खिडकीतून ओरडली, "त्याला झोपू दे. उगाच उठवू नकोस." मी तिला म्हटलं, आई, कोरडी खपली मरत नाही, नुसती थांबते, महिनोन्महिने थांबू शकते. ती म्हणाली, "तेच म्हणतेय मी."

माझ्या टेबलाची करकर थांबलेली नाही. मला वाटलं होतं थांबेल. आता ऐकू आली की मी पेन्सिल खाली ठेवते आणि ती संपेपर्यंत बसून राहते. 

झाड तोडायला एकतीस तारखेला येणार आहेत, सकाळीच.

आई कागद मागत होती. खाली जागा सोडतेय. अक्षर वाकडं येईल, रेघा सोडून जाईल, सांभाळून घे.

मधली

थोरले,

मधली म्हणते भेग जुनी होती. मी बोट घालून बघितली. आहे.

मी रोज पायरीवर बसायचे. वर कधी बघितलं नाही. तुला बाकावर बोलले ते मी परत घेते. फार उशीर केला.

झाड जायच्या आत ये. मी त्याला उठवलेलं नाही. तुझ्या हातानं एकदा पाणी घाल, उठेल.

फाटकाची कडी गंजली म्हणून काढून टाकली आहे. फाटक नुसतं लोटलेलं असतं.

आई